रिकाम्या गाडीची उंची

शनिवारी सकाळी ह्यूस्टनमधल्या कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. त्या बाजूने, जरा लांबून बघाव्यात. सगळ्या गाड्या मागून उंच. फार नाही, दोन-तीन बोटं. पण पुढच्या मडगार्डच्या कडेपासून मागच्या मडगार्डच्या कडेपर्यंत नजरेनं रेघ ओढली तर ती चढत जाते. नाक खाली, पाठ वर. एकदा हे डोळ्यांत भरलं की रस्त्यावर दुसरं काही दिसत नाही, निदान मला तरी.

कारखान्यातूनच गाडी तशी निघते. हौद्यात पाच-सहाशे किलो पडले की मागची बाजू दबते आणि गाडी जमिनीला समांतर होते. म्हणजे कारखान्याच्या हिशेबात पिकअपची खरी अवस्था भरलेली. रिकामी असणं ही दोन खेपांमधली वेळ. आमच्या गल्लीतल्या पिकअप मात्र आठवड्याचा किराणा, पोरांच्या फुटबॉलच्या पिशव्या आणि एकटा मालक एवढंच वाहतात. पाच-सहाशे किलो त्यांच्या नशिबी येत नाहीत. न आलेल्या मालासाठी त्या वर्षानुवर्षं पाठ उचलून उभ्या आहेत.

माझीही तशीच होती. शेवरले सी-१५००, १९९० च्या दशकातली. जनरल मोटर्सने १९८८ च्या मॉडेलपासून ही पिढी आणली. पुढे १९९९ ला सिल्व्हराडो आली आणि हिला लोक ‘ओबीएस’ म्हणायला लागले, म्हणजे ओल्ड बॉडी स्टाइल. चौकोनी, साधीसुधी गाडी. दोन दरवाजे, एक सलग बाक, मागे आखूड हौदा. बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या बाजूला पाय ठेवायला जागा मिळते. आताच्या गाड्यांत पाना घालायला मिळत नाही. आधीचा मालक घरांची छपरं घालणारा कंत्राटदार होता, त्यामुळे या गाडीनं माल पाहिलेला आहे. माझ्याकडे आली आणि तिला पेन्शन लागली. मी संगणकासमोर बसून पाइपांवरचे ताण मोजणारा माणूस. माझ्याकडे वाहायला आहे काय?

तर ती खाली आणायची आणि सपाट करायची, असं ठरवलं. पुढून चार इंच, मागून सहा. इकडे याला नुसतं ‘फोर-सिक्स’ म्हणतात. चार इंचांनी गाडी खाली येते आणि मागचे जास्तीचे दोन इंच पाठीचा उंचवटा खाऊन टाकतात. एका कामात दोन्ही.

नारायणगावला माझा चुलतभाऊ आहे. दादाची बोलेरो पिकअप आहे, टोमॅटोच्या हंगामात नारायणगाव–वाशी. त्याला फोनवर सांगितलं की मागची चाकं जोडणारा ॲक्सल पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, खालून काढून वर बसवणार.

“मागचा ॲक्सल पाट्यांच्या वर घेणार म्हणतोस?”

“हो दादा. आणि खालचा जाड पाटा काढणार.”

बराच वेळ तिकडून नुसता गाड्यांचा आवाज. मग म्हणाला, “लोक पाटे चढवतात रे. काढतात कशाला?”

त्याचं बरोबरच आहे. आमच्याकडे नवी पिकअप शोरूममधून बाहेर पडली की आधी देवळात नारळ आणि मग पाटेवाल्याकडे. मागच्या पाट्यांत एक, कधी दोन पाटे वाढवून घ्यायचे, मगच पहिलं भाडं. गाडीच्या कागदावर दीड-पावणेदोन टन लिहिलेलं असतं. हौद्यात किती असतात ते विचारू नये. टोमॅटोचं एक कॅरेट वीस किलोच्या पुढचं, आणि ती कॅरेटं थरावर थर लावून, दोर आवळून, घाट उतरून पहाटेच्या लिलावाला पोचायची असतात. पाटा बसला तर माल बसतो, माल बसला तर भाव बसतो. दादा हे सगळं एका दमात बोलतो.

हायवेलगतच्या त्या पाटेवाल्यांच्या दुकानात मी लहानपणी तासन्‌तास बसायचो. बसलेला, सरळ झालेला पाटा भट्टीत लाल करून त्याला पुन्हा गोलाई देणं, तेलात विझवणं, एकावर एक रचून मधून सेंटर बोल्ट घालणं, वरून यू-क्लॅम्प आवळणं. सगळ्यांत लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवलेले कान, कानात बुश. एक टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला पक्कं, दुसरं शॅकल नावाच्या कडीला. पाटा दबला की लांब होतो, त्या लांबीला सरकायला जागा हवी, म्हणून शॅकल झुलतं. एवढ्यात सगळं आलं: स्प्रिंग तीच, चाक धरून ठेवणारा दांडा तोच, आणि पाटे एकमेकांवर घासतात म्हणून थोडाफार ब्रेकही तोच. घोडा जुंपलेल्या बग्गीपासून आजच्या नव्याकोऱ्या ट्रकपर्यंत इतका कमी बदललेला भाग दुसरा नसेल.

सगळ्यांत खाली एक जाड, जवळजवळ सरळ पाटा असतो. रिकाम्या गाडीत तो कशालाच टेकत नाही. वरचे पाटे दबत दबत त्याच्यापर्यंत आले की मग तो कामाला लागतो, आणि तिथून पुढे स्प्रिंग एकदम कडक होते. माझ्या गाडीतला तो पाटा माझ्या मालकीत एकदाही कामाला लागला नव्हता.

आता थोडं गणित, फार नाही. स्प्रिंग वजनाने किती दबलेली आहे त्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा हिंदकळणार हे निघतं. पंचवीस सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला एकदा. सहा सेंटिमीटर दबली असेल तर दोनदा. मोटारगाड्यांचं गणित साधारण सेकंदाला एक ते दीड हिंदकळ्यांच्या आसपास जमवलेलं असतं, कारण माणसाला ते सोसतं. पिकअपची मागची स्प्रिंग टनाच्या हिशेबाने केलेली, त्यामुळे रिकामी असताना ती जेमतेम दबते आणि प्रत्येक खड्ड्याला टाणकन उडते. त्यात पाटे वाढवले तर बघायलाच नको. वाशीला जाताना दादाची गाडी लोण्यासारखी जाते. हाल होतात ते रिकामं परत येताना. चाकणच्या पुढच्या रस्त्यावर त्याच्या मणक्यांनी किती पाटे भोगलेत ते त्याच्या कमरेचा पट्टा सांगतो. गाडी मालासाठी बांधलेली आहे आणि निम्मा रस्ता माल नसतो. हा खर्च भाड्यात कुणी धरत नाही.

इथे मला साथ मिळाली ती शेजारच्या घरातल्या निवृत्त वेल्डरची. मूळ मेक्सिकन, पण पिढ्यान्‌पिढ्या टेक्सासमध्ये. आयुष्य शिप चॅनलवरच्या, म्हणजे ह्यूस्टनच्या जहाजांच्या कालव्यावरच्या यार्डांत गेलेलं. मी त्यांना सेन्योर म्हणतो, ते मला ‘मीहो’ म्हणतात, म्हणजे बाळा. पन्नाशीला आलेल्या माणसाला कुणी बाळा म्हणत असेल तर मोडता घालू नये. माझ्या अंगणातली गाडी ते बरेच दिवस कुंपणावरून बघत होते. मी जॅक लावला त्या दिवशी न बोलावता आले, स्वतःचे हातमोजे घेऊन.

गाडी खाली आणणं हे त्यांच्या लोकांचं काम आहे, आणि त्याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतली पोरं जुन्या शेवरले घ्यायची. नव्या परवडत नसत. गोऱ्या पोरांना गाड्या पळवायच्या होत्या, यांना मिरवायच्या होत्या. बाहीतो इ स्वावेसीतो, खालून आणि हळूहळू. गाडी खाली आणायला पैसे नव्हते, तेव्हा डिकीत वाळूची पोती टाकायची. मागचे पाटे दबत, गाडी बसे, आणि संध्याकाळी मुख्य रस्त्यावरून तिची फेरी निघे. कुणी स्प्रिंगची वेटोळी कापत, कुणी ती तापवून बसवत. सेन्योर हे सांगताना हसत होते, पण मी पान्यावरचा हात थांबवून ऐकत राहिलो. माल वाहायला नाही, म्हणून खोटा माल घातला. वाळू कुठे पोचवायची नव्हती. ती नुसती वजन म्हणून फिरत होती.

सरकारला हे बघवलं नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात २४००८ हे कलम आलं: चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली असता कामा नये. कागदावर सुरक्षेचा नियम. वापर कुणावर झाला ते वस्तीतल्या कुणालाही विचारा. त्यावरचा उपाय १९५९ मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगीरेने काढला. त्याने आपल्या कॉर्व्हेटला विमानांच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप आणि झडपा बसवल्या. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. पोलीस गेला की खाली. पुढे नाचणाऱ्या, तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या ज्या गाड्या लोक तोंडात बोट घालून बघतात, त्यांची सुरुवात ही अशी, दंड चुकवण्यापासून झाली. ते कलम काढून टाकायला आणि गावोगावच्या ‘क्रूझिंग’वरच्या, म्हणजे रस्त्यावरच्या संथ फेऱ्यांवरच्या बंद्या उठवायला २०२४ चा जानेवारी उजाडावा लागला. मधल्या काळात न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावची १९६९ ची फोर्ड एलटीडी, ‘डेव्हज ड्रीम’, स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊनही बसली. एकाच देशात एकच गाडी रस्त्यावर गुन्हा आणि काचेआड वारसा. असो. आपल्याकडेही असल्या गोष्टी कमी नाहीत.

पिकअपवर ही हौस जरा उशिरा आली. आता टेक्सासमध्ये मेक्सिकन घरांतली विशीतली पोरं जुन्या दोन-दरवाजी सिल्व्हराडो घेतात, तिला ‘त्रोका’ म्हणतात, आणि रस्त्याला टेकेल इतकी खाली आणतात. त्यांच्या बापांच्या त्रोकांनी विटा वाहिल्या, गवत कापायची यंत्रं वाहिली. पोरांच्या त्रोका फक्त पोरांना वाहतात. सेन्योरांना हे आवडतं. ते म्हणाले, “बाप ज्या गाडीत राबला ती गाडी पोराला मिरवायला मिळावी, यात वाईट काय आहे?” मला उत्तर सुचलं नाही, आणि ते त्यांना लागतही नव्हतं.

कामाबद्दल सांगायचं तर मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त रंजक आहे. कारखान्यातून ॲक्सल पाट्यांच्या खाली लटकवलेला येतो. तो काढून पाट्यांच्या वर बसवायचा. याला ‘फ्लिप’ म्हणतात. ॲक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी, एवढी गाडी खाली येते; दोन्ही मिळून सहा इंचांच्या आसपास. एकही स्प्रिंग न कापता, कुठलाही पाटा न तापवता. स्प्रिंगच्या कडकपणात यामुळे काडीचा फरक पडत नाही, म्हणून हा प्रकार मला पटतो. स्प्रिंग कापून गाडी खाली आणणारे गाडीचा चालण्याचा स्वभावच बिघडवतात आणि वर म्हणतात, खाली आणलेल्या गाड्या आदळतातच.

आता ॲक्सल वर गेला म्हणजे तो चासीच्या जवळ गेला. मूळ गाडीत मध्ये चांगली वीतभर जागा होती. आता खड्ड्यात ॲक्सल थेट चासीवर आपटणार. त्यासाठी ॲक्सलच्या बरोबर वर चासीच्या पट्टीत अर्धगोल खाच घ्यायची आणि कापलेल्या कडेला इंग्रजी ‘सी’च्या आकाराची जाड पोलादी पट्टी बसवून गेलेली ताकद परत द्यायची. ग्राइंडर चासीला लावताना माझा हात जड झाला. व्यवसायाने मी याच गोष्टी मोजतो: तुळईचा खालचा-वरचा भाग सर्वांत जास्त ताण घेतो, आणि आपण नेमका तिथलाच लचका तोडतोय. पट्टीच्या किटबरोबर आलेल्या कागदावर विश्वास न ठेवता मी एका रात्री सगळं मोजून काढलं. बायको म्हणाली, “घरच्या गाडीला पण डिझाइन रिपोर्ट?” आकडे जमले तेव्हाच कापलं.

मी सहज म्हटलं, “सेन्योर, बोल्टांऐवजी वेल्ड केलं तर?”

“चासीवर मी वेल्डिंग करत नाही, मीहो.”

“तुम्ही तर जहाजं जोडलीत.”

“म्हणूनच.”

बोल्ट आवळले.

मग ॲक्सलची मान. पाट्यांच्या वर बसवताना डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं तोंड किती वर किंवा खाली वळतं हे बघावं लागतं. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे असतात. प्रत्येक क्रॉस वाकडा फिरताना शाफ्टला एका फेऱ्यात दोनदा हलका झटका देतो. दोन्हींचे कोन सारखे ठेवले तर एकाचा झटका दुसरा पुसून टाकतो. नाही ठेवले तर ताशी नव्वदच्या पुढे गाडीच्या बुडातून गुणगुण सुरू होते आणि काही महिन्यांत क्रॉस खलास. पाटा आणि ॲक्सलमध्ये दोन-तीन अंशांची पाचर घालून हे जुळवतात. पाचर म्हणजे खरोखर पाचर, सुतार मारतो तशीच, फक्त पोलादाची.

पुढे वेगळा प्रकार. तिथे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आणि चाक धरणारे वर-खाली दोन आर्म. पहिले दोन इंच नवीन स्टब ॲक्सलने मिळतात. त्यांत चाकाची पिन मुळापेक्षा दोन इंच वर असते, त्यामुळे आर्मचे कोन जसेच्या तसे राहून गाडी खाली येते. उरलेले दोन आखूड स्प्रिंगने. त्यामुळे आर्म थोडे वर वळतात, चाकं डोक्याकडून आत झुकतात, टायरची आतली कड झिजायला लागते. म्हणून शेवटी अलाइनमेंट करून घ्यावंच लागतं. आखूड शॉकअप, ब्रेकच्या नळ्यांना पुरेशी ढील, हँडब्रेकच्या केबलला नवी वाट, हे सगळं होतंच. ते सांगत बसत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत भावलेली गोष्ट माझ्या गाडीत नाहीच. टोयोटाच्या जुन्या पिकअपमध्ये आणि अशा कित्येक गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका झडपेपर्यंत एक बारीक दांडा जातो. माल भरला, पाटे दबले, चासी ॲक्सलजवळ आली की दांडा झडप उघडतो आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. रिकामी गाडी वर उचललेली, तेव्हा झडप मागचा दाब कमी ठेवते, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. उत्तम योजना. पण गाडी खाली आणली आणि दांडा तसाच ठेवला तर झडपेला वाटतं, माल आला. रिकाम्या हौद्याला ती भरलेल्या गाडीचा ब्रेक देत राहते. दांड्याची जागा बदलून तिला सांगावं लागतं की बाई, काही आलेलं नाही, ही आता हिची नेहमीची उंची आहे. आणि दादासारखे पाटे वाढवून गाडी उचलणारे याच्या उलट करतात: दोन टन भरले तरी ज्या गाडीत अशी झडप असेल तिला गाडी हलकीच वाटते, आणि घाट उतरताना मागचे ब्रेक हात राखून लागतात. दादाला मी हे सांगितलं. “तरीच,” म्हणाला. त्यानंतर फोनवर जरा वेळ शांतता होती, आणि मग त्याने विषय बदलला.

दिव्यांचंही असंच आहे. माझ्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर जवळपास तीन मीटर. मागची बाजू पुढच्यापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त खाली आली की दिव्यांचा झोत शंभर मीटरवर दीड मीटरहून अधिक वर चढतो, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. गाडी सपाट करणारे शंभरातले किती जण नंतर दिव्यांचे स्क्रू फिरवतात? रात्रीच्या हायवेवर जो अनुभव येतो त्यावरून, फार नसावेत.

आणि हे सपाट करण्याचं वेड आता नव्या पिकअपवाल्यांत जोरात आहे. पण उलट्या बाजूने: मागचं तसंच ठेवून पुढची बाजू दोन इंच उचलायची. गाडी उंचच्या उंच दिसते, पार्किंगमध्ये एकदम पैलवान. मग एखाद्या सुट्टीत मागे बोटीचा ट्रेलर जोडला की पाठ खाली, नाक आभाळाकडे. सपाट म्हणजे कधी सपाट? कारखान्याने उत्तर दिलं होतं: माल असताना. यांनी उत्तर दिलं: फोटो काढताना. माझंही उत्तर खरं म्हणजे रिकामी असताना हेच आहे, पण मी निदान ट्रेलर जोडत नाही.

याहून पुढची पायरी ‘कॅरोलायना स्क्वॉट’ची. पुढून प्रचंड उंच, मागून जमिनीला टेकलेली. हौद्यात हत्ती बसल्यासारखी गाडी. चालवणाऱ्याला बॉनेटपलीकडचं पोर दिसत नाही. उत्तर कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून त्यावर बंदी घातली: पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच करायचं नाही. पाठोपाठ व्हर्जिनिया आणि दक्षिण कॅरोलायनाही आले. माझे आजोबा ही गाडी बघते तर एकच शब्द बोलले असते, उलाळ. बैलगाडीत कांद्याची पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलायला लागतं. पुढे जास्त झाली की धुरजड, सगळं ओझं मानेवर. आजोबा गाडी भरताना मध्येच थांबून धुरा हाताने उचलून बघत आणि एखादं पोतं हातभर मागे सरकवायला लावत. त्यांच्या हाताला जे बरोबर वाटे ते बैलाच्या मानेलाही वाटे. गाडी सपाट करायचं लेव्हलिंग किट त्यांना विकता आलं नसतं.

कायद्याचं म्हणाल तर भारतात गाडीच्या मूळ घडणीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात बसत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलंय. तरी पाटेवाले हायवेवर उघडपणे बसलेले आहेत आणि तपासणी नाक्यावर कुणी पाटे मोजत नाही. टेक्सासात तर १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद झाली. म्हणजे इथे माझ्या खाचेतले बोल्ट तपासणारा माणूस मीच.

खाली का आणली, असं इथल्या मराठी मंडळातले लोक विचारतात. हार्वी वादळाच्या पुरात, २०१७ ला, उंच केलेल्या पिकअपनी माणसं बाहेर काढली हे सगळ्यांनी पाहिलंय. पाणी तुंबणाऱ्या शहरात गाडी वर घ्यायची की खाली? प्रश्न रास्त आहे. जोराचा पाऊस आला की मी ती बाहेर काढत नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

पण दुसरंही काही आहे, ते पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगता येत नाही. आम्ही इथे आलो तेव्हा पाच वर्षांत परत जायचं होतं. म्हणून सोफा घेतला नाही, भिंतीला खिळा ठोकला नाही, बागेत झाड लावलं नाही. कपाटाच्या वर दोन मोठ्या बॅगा कायम रिकाम्या, हाताला येतील अशा ठेवलेल्या. जे यायचं होतं त्याच्या मापाने घर मांडलेलं, आणि रोज जे चालू होतं ते त्या मापात कुठेच बसत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक लहानसहान खड्डा हाडापर्यंत जायचा. कधी सोफा आला, कधी लिंबाचं झाड लागलं, ते आठवतही नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. गाडीच्या बाबतीत मात्र मी ठरवून, मोजून, पाना हातात घेऊन म्हटलं की हिच्यात जेवढं खरंच असतं, तेवढ्यासाठी ही बसू दे.

त्याचा पहिला फायदा आईला झाला. मागच्या खेपेला आली होती तेव्हा गाडीत चढायला तिला स्टूल लागायचं. एका हाताने साडी, दुसऱ्या हाताने दाराची कड, आणि मागून मी. या वेळी विमानतळावर तिने दार उघडलं, वळली आणि बाकावर बसली, रिक्षात बसावं तशी. काही बोलली नाही. घर आल्यावर खाली उतरून गाडीकडे बघत म्हणाली, “टायरमधली हवा गेलीय का रे?”

हौद्याचीही उंची कमी झाली. गणपतीत पथकाचे ढोल न्यायचं काम माझ्याकडे आहे. ढोल जागा खूप खातात, वजन मात्र नाही. माझ्या गाडीसाठी याहून चांगला माल कुणी शोधून काढू शकणार नाही. ते आता एकट्याला चढवता येतात. सेन्योर त्या दिवशी सहज मागे उभे राहिले, हौदा भरत आला तशी हाताची बोटं टायर आणि मडगार्डमध्ये घालून फट मोजत राहिले. शेवटचा ढोल चढला तरी एक बोट आत जात होतं. त्यांनी मान हलवली. मग स्वतःच्या नातवाच्या त्रोकाबद्दल बोलायला लागले, की तिच्यात कागदही जात नाही.

दादाला ढोल भरलेल्या गाडीचा फोटो पाठवला. त्याने तो मोठा करून बघितला असणार, कारण फोन थोड्या वेळाने आला.

“यात कॅरेटं किती बसतील?”

“पंचवीस धर. पाचशे किलोच्या पुढे चासी ॲक्सलवर टेकेल.”

“पंचवीस.” तो हिशेब करत होता. “डिझेल सुटायचं नाही.”

“पेट्रोल आहे दादा.”

“मग तर नादच सोड,” तो म्हणाला, आणि त्याच्या पिकअपला या हंगामात तिसरा पाटा घालावा की नको, ते विचारायला लागला. मी झडपेच्या दांड्याची आठवण करून दिली. दांडा कुठे असतो ते त्याने नीट विचारून घेतलं, आणि पाटेवाल्याला फोन जोडून देतो, तूच त्याला सांग, म्हणाला.